खरवड

ईट गावाला खवा आटवणारी घरं पुष्कळ आहेत, पण दुधाबरोबर गोष्टही आटवून घट्ट करणारा गडी एकच, गोरोबा. त्याच्या भट्टीचा धूर वर निघाला की परांड्याच्या किल्ल्यावरची तोफ तोंड वळवून वास घेते, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की परांड्याला गेलेला माणूस किल्ल्यात डोकावून तोफेचं तोंड कुणीकडं आहे ते बघूनच परतायचा. त्याची चांदी म्हैस एसटीत खिडकीशी बसून कळंबच्या बाजाराला गेली होती. कंडक्टरनं तिचं तिकीट फाडलं होतं. पहिल्यांदा ही गोष्ट निघाली तेव्हा तिकीट पूर्ण होतं. सरकारनं बायकांना सवलत दिल्यापासून चांदीचंही अर्धं झालं. गोरोबाचं म्हणणं, गोष्ट जुनी असली म्हणून कायद्याच्या बाहेर थोडीच जाते.

संध्याकाळी भट्टीपुढं माणसं जमायची. गोष्ट गोरोबाची ऐकायची, पण बघायची धुरपताबाईकडं. ती नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसून जाळ सारायची आणि मध्येच केव्हातरी जीभ टाळूला लावून 'च्यक्' करायची. बस, एवढंच. तो आवाज निघाला की माणसं हसायची, कारण इथून पुढं खोटं सुरू झालं हे सगळ्यांना कळायचं. गोरोबाही त्या आवाजासाठी थांबायचा. कंडक्टर म्हशीला खिडकीची जागा देतो, तिथं तर तो हमखास श्वास घ्यायचा. ती 'च्यक्' करायची आणि म्हणायची, "म्हशीला खिडकी कशाला?" मग तो म्हणायचा, "तिला गाडी लागती म्हनून."

गोष्ट रंगली की उलथण्यावरचा त्याचा हात थांबायचा. हात थांबला की दूध बुडाला धरायचं. "आवं, धरलं की बुडाला. गिळा आता तुमची म्हैस," असं म्हणत धुरपताबाई कढई उतरवून घ्यायची. खवा पाटीत गेला की कढईच्या बुडाशी तांबूस खरवड राहायची. ती उलथण्यानं खरडून, भिंतीकडं तोंड करून ती एकटी खायची. मागितली तरी कुणाला द्यायची नाही. गोरोबानं ती कधी चाखली नव्हती. बोलण्याच्या नादात दूध धरतं, असंच तो सांगायचा आणि लोकांना ते पटायचं. पण जन्मभर खवा आटवलेल्या माणसाचा हात नेमका दिवसाच्या शेवटच्या कढईलाच कसा थांबतो, हे कुणी त्याला विचारलं नाही. धुरपताबाईनंही नाही.

माघात ती भट्टीपुढंच कलंडली. मेंदूत रक्त उतरलं होतं. बार्शीच्या दवाखान्यात डोक्याची कवटी उघडून ते काढलं. जीव राहिला. पुढं डोळेही उघडले, पण त्या डोळ्यांतून कुणी बघत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "जाग्या आहेत, भानावर नाहीत. भान कधी येईल, येईल का, हे मी सांगू शकत नाही." नाकातून पोटात नळी घातली. तिच्यातून पेज, वरणाचं पाणी, दूध. तोंडानं काहीही नाही.

त्या दवाखान्यात सृष्टी नावाची एक मुलगी होती, मूळची कळंबची. माणसाला गिळता येतं का ते तपासायचं आणि येत नसलं तर पुन्हा शिकवायचं, हे तिचं काम. असंही काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, हे ऐकून गोरोबानं हात टेकले. एवढ्या वर्षांत एवढं मोठं काही त्याला स्वतःला सुचलं नव्हतं.

"आबा," सृष्टीनं त्याला समजावलं होतं, "घशात दोन वाटा आहेत. एक पोटाची, एक श्वासाची. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं. आजींचं झाकण पडतंय का, कधी पडतंय, ते अजून कळत नाही. म्हणून तोंडात थेंबही घालायचा नाही. तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, पाठ उचलून ठेवायची, आणि घसा वर उचलताना दिसला तर मला सांगायचं."

"घसा उचलल्याला कसा दिसंल?"

"तुमचाच हात तुमच्या घशावर ठेवा आणि थुंकी गिळा. तो मणी वर जाऊन खाली येतो का? ते."

गोरोबानं हात ठेवला, गिळलं, मणी वर गेला, खाली आला. मग तो पुन्हा पुन्हा गिळत बसला. फुकट मिळत होतं तोवर त्यानं त्याच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं.

धुरपताबाईला घरी आणलं आणि माणसांची रीघ लागली. ईटमधली बाई आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हातानं येत नाही, आणि कोरड्या ओठांचं माणूस बघून हात आवरूनही बसत नाही. तोंडात पाणी न पडता कुणी गेलं तर त्या घराचं पाणी कडू होतं, असं इथं मानतात. शेजारची गजराबाई नात्यानं धुरपताबाईची चुलतजाऊ. ती सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेली होती, येताना तीर्थ घेऊन आली. गोरोबा गोठ्यात होता. गजराबाईनं डोळे मिटून, हात जोडून, चमचाभर तीर्थ जावेच्या तोंडात सोडलं. ठसकासुद्धा लागला नाही. गोरोबा आत आला तर गजराबाईचे डोळे भरलेले.

"भावजी, जाऊबाईनं घेतलं बघा. गपकन घेतलं."

दुसऱ्या दिवशी ताप फणफणला. छाती घरघरायला लागली. पुन्हा बार्शी, पुन्हा सुया, पुन्हा काचेमागं उभं राहणं. सृष्टी म्हणाली, "ते पोटात गेलंच नाही, आबा. फुप्फुसात गेलं. ठसका लागला नाही ना, तीच तर वाईट गोष्ट. ठसका म्हणजे घराचा राखणदार. तो झोपलाय."

या खेपेला घरी आल्यावर गोरोबा राखणीला बसला. त्यानं लोकांना झाकण समजावून सांगितलं, दोन वाटा सांगितल्या, आपल्या घशावर हात ठेवून दाखवला. लोक ऐकून घ्यायचे आणि पदराखालून वाटी काढायचे. खरं सांगायची सवय नव्हती, त्यामुळं ते त्याला नीट सांगताच येईना. शेवटी बब्रुवान शहाळं घेऊन आला. बब्रुवानचं स्टँडवर हॉटेल होतं आणि गोरोबाच्या गोष्टींवर त्याच्या हॉटेलातला निम्मा चहा खपायचा.

"गोरबा, दोन चमचे. नारळपान्यानं काय हुतंय?"

"मला काय न्हाय," गोरोबा सावकाश म्हणाला. "तुझंच बघ बाबा. ती नळी दिसती का? तिला आतून सरकारी मीटर हाय."

"कसलं मीटर?"

"तोंडावाटं थेंब गेला की फिरतंय. फिरलं की ज्यानं घातला त्याचा आधार नंबर बार्शीच्या कॉम्प्युटरवर उमटतोय. गजराबाईचा उमटला. म्हनून तर मागच्या महिन्यात तिचं राशन अडाकलं."

गजराबाईचं राशन खरोखरच अडकलं होतं, अंगठा उठत नव्हता म्हणून. बब्रुवान नळीकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातली स्ट्रॉ शहाळ्यात घातली आणि उभ्याउभ्या ते स्वतःच पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी मीटर गावभर झालं. गोरोबानं आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, पण एकीवरही कुणी पैचा विश्वास ठेवला नव्हता. 'च्यक्' करायला कुणी उरलं नव्हतं म्हणून असेल, ही एक मात्र गावानं जशीच्या तशी खरी धरली. बायका उंबऱ्यापर्यंत येऊन, पदर तोंडाला लावून, "कसं हाय?" म्हणून परतायला लागल्या. पुढं उंबऱ्यापर्यंतही येईनात. धुरपताबाईचं तोंड सुखरूप राहिलं आणि घर रिकामं झालं. खोटं इतकं चोख बसल्याचा आनंद सांगायलाही कुणी नव्हतं.

भट्टी थंड पडली होती. एक म्हैस ठेवून बाकीच्या विकल्या. तिचं दूध डेअरीची गाडी न्यायची. गोरोबाचा दिवस मिक्सरच्या आवाजानं सुरू व्हायचा. पेज गाळायची, कोमट करायची, सिरिंजमधून सावकाश सोडायची. कूस बदलायची. फडकं ओलं करून तिची जीभ, हिरड्या, गाल पुसायचे. उभ्या जन्मात त्यानं बायकोच्या तोंडात घास घातला नव्हता. लग्नात घातला असेल तेवढाच. आता दिवसातून कितीदा तरी त्याचं बोट तिच्या तोंडात असायचं.

आणि तो बोलायचा. तोफ, चांदी, सगळं. कंडक्टर खिडकीची जागा देतो तिथं आला की थांबायचा. छपराचा पत्रा कडकन वाजायचा, म्हैस कान झटकायची. मग तो स्वतःच पुढं जायचा, "तिला गाडी लागती म्हनून," आणि गोष्ट कशीबशी कळंबला पोचवायचा.

वैजनाथ, त्याचा एकुलता मुलगा, चाकणला कंपनीत होता. रोज फोन करायचा. एका रविवारी त्यानं सांगितलं, "आबा, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतोय. इकडं एक संस्था बघितली. नळी नाकातनं काढून पोटात बसवतील. आई तिथं राहील. चोवीस तास नर्स हाय. मी दर आठवड्याला जाईन."

"आन मी?"

"तुम्ही माझ्याकडं ऱ्हावा की."

"म्हैस?"

वैजनाथनं म्हशीचा विषय टाळला. मग म्हणाला, "आबा, तिला तोंडानं खाता येईल अशी जरा जरी आशा असती तर मी नसतं केलं. तुमच्या हातनं जेवली असती तर घरीच बरी होती. पण आता कितीक महिने झाले. तुमचीबी तब्येत बघा की."

त्याचं चुकत नव्हतं, हेच गोरोबाला खुपत होतं.

सोमवारी डेअरीची गाडी आली नाही. पूल खचला म्हणे. दूध नासून जायचं त्यापेक्षा आटवावं, म्हणून गोरोबानं भट्टीतली राख उपसली आणि कित्येक महिन्यांनी जाळ घातला. भट्टी दारापुढच्या पत्र्याच्या सपरीत, धुरपताबाईची खाट दारातून दिसेल अशी. पाठ उचलून ठेवलेली, तोंड भट्टीकडं. कढई तापली. उलथणं फिरायला लागलं आणि हाताबरोबर जीभही सुटली.

"तर चांदी निघाली. गाडी आली बार्शी डेपोची. कंडक्टर म्हनतोय, ही कोन? म्या म्हनलं, माझी मावशी. शिंगं? म्या म्हनलं, आंबाडा घातलाय, वर पिना हायत."

दूध रवाळ होत आलं. संध्याकाळचं ऊन पत्र्याच्या भोकातून भट्टीत पडत होतं. कंडक्टर म्हशीला खिडकीशी घेऊन गेला आणि गोरोबा सवयीनं थांबला. उलथणंही थांबलं. इतका वेळ थांबलं की बुडाला दूध धरलं, तांबूस, गोडसर वास सपरीभर पसरला.

त्यानं मान वळवली. ती तशीच होती. डोळे उघडे, भिंतीच्या पलीकडं कुठंतरी. पण ओठ एकमेकांवर दाबले गेले होते. आणि गळ्यातला मणी वर गेला, क्षणभर वरच राहिला आणि खाली आला.

गोरोबा जागचा हलला नाही. कढई काळी पडली, धूर झाला, म्हैस फुरफुरली. मणी पुन्हा काही हलला नाही.

त्यानं वैजनाथला फोन लावला. "तुझ्या आईनं गिळलं."

"काय गिळलं?"

"काय न्हाय. थुंकी. खरवडीचा वास आला आन गिळली तिनं."

पलीकडं कंपनीच्या कँटीनचा गलबला ऐकू येत होता. "आबा," वैजनाथ हळू म्हणाला, "पाडव्याच्या आधी तुम्ही सांगितलं, आईनं माझं नाव घेतलं. मी रजा टाकून, रात्रभर उभ्यानं आलो. आठवतंय?"

आठवत होतं. वैजनाथ आला तेव्हा ती तशीच पडली होती आणि गोरोबा म्हणाला होता, काल घेतलं होतं. पोरगा दोन दिवस राहिला होता. घरात दोन ताटं वाढली होती. ती थाप त्याला कधी थाप वाटलीच नव्हती.

"आत्ताचं खरं हाय," तो म्हणाला.

"व्हय आबा. रविवारी येतो."

बब्रुवानला स्टँडवर गाठून सांगितलं तर बब्रुवान गल्ल्यावरून म्हणाला, "मीटर किती फिरलं?" आणि बाकावरची माणसं हसली. पूर्वी असं हसू आलं की गोरोबाला अंगावर शाल पडल्यासारखं वाटायचं. तो चहा न पिता घरी आला. बायको एकटी होती.

मग त्यानं सृष्टीला फोन केला. ती हसली नाही, पण हुरळलीही नाही. "व्हिडिओ काढला का आबा?"

"माझा फोन बटनाचा हाय."

"एकदा थुंकी गिळणं म्हणजे खाता येणं नव्हे. शरीर आपोआपही कधी गिळतं. पण वासानं गिळलं असेल तर बघायला हवं. गुरुवारी भूमला दोन पेशंट आहेत, तसंच पुढं येते. तोवर तुम्ही काही घालून बघू नका. कितीही वाटलं तरी."

"न्हाय घालत."

घातलं नाही. त्याला वाटलं मात्र फार. बोटावर खव्याचा कण घेऊन तो खाटेशी गेलाही. गजराबाईचे भरलेले डोळे त्याला आठवले. बोट धुऊन टाकलं.

गुरुवारी सृष्टी स्कूटीवरून आली. डोक्याला ओढणी, पाठीला सॅक. उंबऱ्याबाहेर गजराबाई उभी होती. मॅडम मीटरचं रीडिंग घ्यायला आली असं तिला वाटलं असावं. सृष्टीनं छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, धुरपताबाईचं तोंड पुसलं, तिला आणखी उठवून बसतं केलं, हनुवटी किंचित छातीकडं झुकवली. गार चमचा ओठांवर फिरवला. "आजी, धुरपता आजी." लिंबात बुडवलेला कापसाचा बोळा जिभेच्या कडेला लावला. दोन बोटं गळ्यावर ठेवून थांबली. चेहरा बघत राहिली. पुन्हा गार चमचा. पुन्हा थांबली.

काही नाही.

"मॅडम, दूध आटवायला लावू का?" गोरोबानं विचारलं.

"लावा."

त्यानं जाळ घातला, घाईघाईनं, लाकडावर लाकूड. दूध उसळलं, बसलं, आणि त्यानं उलथणं बाजूला ठेवून हात बांधले. कढईनं बुडाला धरलं ते एकदम काळंच. कडू धूर आत शिरला. सृष्टीला खोकला आला, गजराबाईनं पदर लावला. धुरपताबाईच्या गळ्यावर सृष्टीची बोटं होती. तिनं मान हलवली.

"कधीकधी असं होतं, आबा. तुम्हाला दिसलं नसेल असं मी म्हणत नाही. पण मला जे दिसेल तेच मला वैजनाथदादांना सांगता येईल."

"व्हय," गोरोबा म्हणाला. त्यानं काळी कढई उतरवली. "च्या घेऊन जावा. एवढ्या लांबून आल्या."

सृष्टी हो म्हणाली, नाहीतरी धुरानं तिचे डोळे चुरचुरत होते. गोरोबानं धाकटी कढई मंद जाळावर ठेवली. उरलेलं दूध तिच्यातच आटत घातलं, आणि एका कडेला चहाचं आधण. आता ती जाणार, हे त्याला दिसत होतं. ती गेली की रविवारपर्यंत या घरात कुणी येणार नव्हतं, आणि रविवारनंतर हे घरच नव्हतं. तिला चार घटका थांबवायचं एकच साधन त्याच्याकडं होतं.

"कळंबच्या का तुमी?" तो म्हणाला. "मग आमची चांदी तुमाला ठाऊक असंल."

"कोण चांदी?"

"म्हैस. एसटीनं कळंबला गेल्ती."

सृष्टीनं धुरपताबाईच्या गळ्यावरची बोटं काढली नव्हती, ती तशीच ठेवून तिनं मान वळवली. गोरोबा सांगायला लागला. मावशी, शिंगं, आंबाडा, पिना. सृष्टी हसली. उंबऱ्यावर गजराबाईही, पदराआड. उलथणं फिरत होतं, मग सावकाश फिरायला लागलं, मग कढईच्या कडेला टेकून राहिलं. "कंडक्टर म्हनला, बाईमानूस हाय, अर्धं तिकीट. आन हातानं धरून नेलं तिला खिडकीशी." गोरोबा थांबला. सवय होती ती. मंद जाळावर दुधानं बुडाला अलगद धरलं आणि सपरीत तो वास आला, जुना, तांबूस.

सृष्टीचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे एकदम धुरपताबाईकडं गेले.

"आबा, गप्प बसू नका. बोला."

"काय बोलू?"

"तेच. म्हशीचं."

"तिला गाडी लागती म्हनून," गोरोबा म्हणाला.

"गिळलं आजींनी. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं माझं बोट हललं. आता पुन्हा गिळलं." तिनं मान खाली करून धुरपताबाईचा श्वास ऐकला, छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "ती खरवड द्या. खडा नको. दुधात घोटून मलमासारखी करा. पाण्यासारखं पातळ घशात पळतं, झाकणाला वेळ मिळत नाही. घट्ट सावकाश जातं."

गोरोबानं वाटीत खरवड चमच्याच्या पाठीनं रगडली, दूध थेंब थेंब घालून, शेवटचा कण मोडेपर्यंत. सृष्टीनं चमच्याच्या टोकाला मसुराएवढं घेतलं आणि जिभेवर लावलं. वाट बघितली. ओठ दाबले गेले. मणी वर गेला आणि खाली आला.

"मॅडम, मीटर बंद केलं का?" उंबऱ्यावरून गजराबाईनं विचारलं.

"कसलं मीटर?"

गोरोबा कढईत बघायला लागला. सृष्टीनं त्याच्याकडं बघितलं, नळीकडं बघितलं, उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिलेल्या गजराबाईकडं बघितलं, आणि तिच्या ध्यानात काहीतरी आलं.

"चालूच आहे, मावशी," ती म्हणाली. "फक्त माझ्या हाताला फिरत नाही. पण आत येऊन बसलं तर काही होत नाही त्याला. बोललं तरी चालतं. बोललेलं बरं."

तिनं वैजनाथला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं सांगितलं, वाढवून नाही, कमी करून नाही. नळी राहणार. बार्शीला नेऊन नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघावा लागेल. तोवर ती स्वतः येऊन चव देईल तेवढीच, बाकी कुणी नाही. पुढंमागं कदाचित चार चमचे खातील. कदाचित एवढ्यावरच राहतील. भान आलं असं याचा अर्थ नाही.

वैजनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. असं बोला म्हणून आबांनी तुम्हाला सांगितलं न्हाय ना?"

"माझी बोटं गळ्यावर होती, दादा."

फोनमधून कुणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज आला. "मग रविवारी मी नुसता येतो," वैजनाथ म्हणाला. "गाडी नको."

सृष्टी गेली. गजराबाई खाटेच्या पायथ्याशी थोडी टेकली, हात मांडीखाली दाबून, चुकून कुठं लागायला नको म्हणून. मग तिच्या घरी गिरणीतून दळण आणायचं राहिलं होतं, तीही गेली. दिवस मावळला. गोरोबानं म्हैस बांधली, सिरिंजनं पेज दिली, कूस बदलली आणि खाटेजवळ पाट ओढून बसला. सांगण्यासारखं घडलं होतं आणि बब्रुवानच्या हॉटेलात जाता येत नव्हतं. म्हणून तो तिलाच सांगायला लागला.

"आज कळंबची मॅडम आल्ती. लिंबू लावलं, गार चमचा लावला. तू ढिम्म. मग म्या चांदीची गोष्ट काढली, बुडाला धरलं, आन तू गिळलंस. तीनदा." इथं त्याच्या तोंडावर आलं होतं की तू म्हणालीस, खरवड मला ठेवा. जीभ तिकडं वळलीच होती. त्यानं तिला आवरलं. "एवढंच झालं," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय."

यात वाढवलेलं काही नव्हतं, आणि तो थांबला. धुरपताबाईची नजर त्याच्या खांद्यावरून भिंतीकडं गेलेली होती. तिनं 'च्यक्' केलं नाही. खरं होतं म्हणून केलं नाही की काय, हे तिच्याशिवाय सांगणारं कुणी नव्हतं.

तो उठला. धाकट्या कढईच्या बुडाशी खरवड राहिली होती, सृष्टीनं घेतली त्याच्या कितीतरी पट. त्यानं उलथण्यानं ती खरडली, वाटीत काढली, वर ताटली झाकली आणि फळीवर, धुरपताबाई वाटी ठेवायची तिथं ठेवली. मग थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मॅडम पुढच्या गुरुवारी येणार होती. तोवर खरवड वाळून खडा झाली असती.

ताटली काढून, भिंतीकडं तोंड करून त्यानं एक तुकडा तोंडात घातला. आधी कडू लागला, मग एकाएकी गोड. दाताला चिकटला, टाळूला चिकटला. त्यानं घशावर हात ठेवला आणि वाट बघत राहिला. तुकडा खाली जायला बराच वेळ लागला.

मग त्यानं राख घेतली आणि काळी कढई घासायला बसला.